‘डायरेक्ट करून द्या’ म्हणू नका

गेल्या पावसाळ्यात जोगेश्वरीच्या मेघवाडीतल्या एक ताई रिक्षातून एक काळी पत्र्याची पेटी घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या. कमरेएवढी उंच, आत तीन जाळ्या, तळाला लाकडाचे तुकडे ठेवायची पाटी. “दादा, ही धुरीची पेटी आहे. भावाने न्यू जर्सीहून आणली. चालू होते, पण हात लावला की झिणझिण्या येतात. एकदा दुरुस्त करून झाली आहे, तरी तेच.”

धुरी आपल्याला नवीन नाही. भाजीच्या पातेल्यात वाटी ठेवायची, तिच्यात लाल निखारा, वर तुपाचा थेंब आणि झटकन झाकण. ही पेटी तेच काम तासन् तास करते. तळाची कॉइल लाकडाच्या तुकड्यांना धुमसत ठेवते आणि तो धूर वरच्या जाळ्यांवरच्या मासळीला, पनीरला लागतो. ताई घरून ऑर्डर घेतात. धुरी दिलेला बांगडा आणि पनीर, दोन्हीला गिऱ्हाईक मिळायला लागलं होतं. पेटी बंद पडली तर घरात येणारा पैसा थांबणार, ही त्यांची काळजी अगदी खरी होती.

पेटी उलटी करून तळ उघडला. कॉइलकडे जाणाऱ्या वायरींचं वेष्टण वितळून पत्र्याला चिकटलेलं होतं. एका ठिकाणी नुसता पीळ मारून वायर जोडली होती आणि त्यावर काळी टेप गुंडाळली होती. टेपचा डिंक वितळून खाली ओघळला होता. थर्मोस्टॅटच्या दोन टोकांमध्ये वायरचा तुकडा टाकून तो ‘डायरेक्ट’ केलेला होता. हिरवी-पिवळी अर्थची वायर कापून आत दुमडून ठेवली होती. आणि मागच्या पट्टीवर स्पष्ट छापलं होतं: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ८०० वॉट.

मी त्यांना खुर्चीवर बसायला सांगितलं आणि कागदावर हिशोब मांडून दाखवला. तो तुम्हीही बघा, कारण परदेशातून आलेल्या वस्तू आता जोगेश्वरीच्या घराघरांत आहेत. अमेरिकेत घरात १२० व्होल्टची वीज असते, आपल्याकडे २३० व्होल्टची. ८०० वॉटच्या त्या कॉइलचा रोध १८ ओहम. तीच कॉइल आपल्या २३० व्होल्टवर लावली की ती पावणेतेरा अँपिअर ओढते आणि ८०० वॉटची कॉइल २,९०० वॉटहून जास्त उष्णता फेकते. व्होल्ट दुप्पट झाले की उष्णता चौपट होते. पेटी बनवणाऱ्याने वायर, पट्ट्या, थर्मोस्टॅट सगळं ८०० वॉटच्या मापाने घातलेलं. ते किती वेळ टिकणार?

“पण मोबाइलचा चार्जर तर चालतो,” ताई म्हणाल्या. बरोबर. चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणून तो दोन्हीकडे चालतो. कॉइलच्या वस्तूला ही सवलत नाही. इस्त्री, हेअर ड्रायर, कॉफीचं यंत्र, टोस्टर, धुरीची पेटी, जे जे तापतं त्याची पट्टी वाचल्याशिवाय पिन लावू नका. बाजारात मिळणारा छोटा अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. वर त्यातले बरेचसे अडॅप्टर दोनच पिनांचे असतात, म्हणजे अर्थ तिथेच तुटतो.

पहिल्या दुरुस्तीत काय झालं असेल, ते मला पेटी बघूनच कळलं. कॉइल भलतीच तापत होती, थर्मोस्टॅट वारंवार बंद करत होता. म्हणजे थर्मोस्टॅट आपलं काम चोख करत होता. पण घरच्यांना वाटलं, तोच बिघडलाय. ‘डायरेक्ट करून द्या’ म्हटलं, समोरच्याने करून दिलं. मग बॉडीला करंट येऊन घरचा ब्रेकर पडायला लागला, तेव्हा अर्थ कापला. ब्रेकर पडायचा थांबला, पेटी चालू झाली, पैसे दिले-घेतले गेले. त्या दुरुस्तीत जे जे माणसाला वाचवणारं होतं ते एकेक करून काढून टाकलं गेलं.

मी दोष फक्त दुरुस्ती करणाऱ्याला देत नाही. इतकी वर्षं शेगड्या, गिझर, ओव्हन, इस्त्र्या उघडतोय. ‘डायरेक्ट करून द्या’ हे वाक्य मी गिऱ्हाइकाच्याच तोंडून सगळ्यात जास्त ऐकलंय. मावशी गिझर घेऊन येतात, “सारखा बंद होतो, डायरेक्ट करून दे बाळा.” काका इस्त्री घेऊन येतात, तेच. माझी हात जोडून विनंती आहे, हे वाक्य बोलू नका. थर्मोस्टॅट तापमान धरतो. त्याच्या शेजारी बहुतेक वेळा एक छोटा कटआऊट असतो, तो थर्मोस्टॅट चिकटला तर वीज तोडतो. हे दोन्ही काढले की कॉइलला थांबवणारं काहीच उरत नाही. नायक्रोमची कॉइल हजार अंशांच्या वर तापू शकते. तिच्याभोवतीच्या साध्या वायरचं पीव्हीसी वेष्टण मात्र ७० अंशांपर्यंतच धरून असतं. मधला फरक कुणी सांभाळायचा?

आता त्या टेपच्या जोडाबद्दल, कारण उष्णतेच्या वस्तूत तोच सगळ्यांत जास्त घात करतो. पंख्याच्या किंवा दिव्याच्या वायरला पीळ मारून टेप लावली तर ती बरीच वर्षं निभावते, कारण तिथे करंट अगदी थोडा. पण दोन हजार वॉटची शेगडी जवळजवळ नऊ अँपिअर ओढते. समजा पीळ सैल आहे, तांबं काळवंडलंय आणि त्या जोडात नुसता अर्धा ओहम रोध तयार झालाय. तेवढ्या जागेत ३५ वॉटहून जास्त उष्णता निघते. माझ्या टेबलावरची कथील लावायची सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची आहे, आणि ती शिसं-कथील पाण्यासारखं वितळवते. म्हणजे तुमच्या भिंतीच्या बोर्डात, कपाटामागे, पडद्याशेजारी तिच्याहून जास्त उष्णता देणारं टोक शेगडी चालू असेपर्यंत ठेवल्यासारखं झालं. जोड गरम झाला की आणखी काळवंडतो, काळवंडला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी गरम होतो. हे चक्र सुरू झालं की आपोआप थांबत नाही. एमसीबी, म्हणजे बोर्डातला ब्रेकरसुद्धा पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. तुम्हाला फक्त जळल्याचा वास येतो, कुजलेल्या मासळीसारखा किंवा जळक्या प्लॅस्टिकसारखा. धुरीच्या पेटीत तर तोही कळत नाही. घरात आधीच धूर असतो.

म्हणून तापणाऱ्या वस्तूच्या आतल्या वायरीला पीळ आणि टेप चालत नाही. कथील लावून जोडणंही चालत नाही, कारण नेहमीचं कथील १८३ अंशांच्या आसपास सुटायला लागतं. करपलेली वायर पुढची पुढची कापत जायची, आत लखलखीत तांबं लागेपर्यंत. त्याला लग दाबून बसवायचा किंवा चिनी मातीचा कनेक्टर लावायचा. वायर सिलिकॉनची किंवा काचेच्या धाग्याचं वेष्टण असलेली घ्यायची. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबराचा किंवा चिनी मातीचा ग्रोमेट लागतोच, नाहीतर पत्र्याची धार रोजच्या थरथरीने वेष्टण कापते. कॉर्ड आत येते तिथे पट्टीने घट्ट धरलेली हवी, म्हणजे ओढ जोडावर येत नाही. यातलं काही अवघड नाही, महागही नाही. अर्धा तास जास्त लागतो एवढंच. कारागिराला तो अर्धा तास द्या आणि त्याचे पैसेही द्या.

ताईंच्या पेटीत मी लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारातून आणलेलं २३० व्होल्टचं ८०० वॉटचं एलिमेंट बसवलं. आता ती साडेतीन अँपिअर घेते. थर्मोस्टॅट पुन्हा जोडला, तो शाबूत होता. अमेरिकन पिन कापून आपला थ्री पिन टॉप लावला आणि मागच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत २३० व्होल्ट लिहून ठेवलं, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणी उघडली तर फसणार नाही. दुसरा मार्ग होता व्होल्ट उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा, पण तो निदान हजार व्होल्ट-अँपिअरचा हवा, जड असतो, आणि घरात कुणीतरी घाईत पेटीची पिन थेट भिंतीत लावणारच.

सगळ्यात जास्त वेळ मी अर्थवर घालवला. पत्र्यावरचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून अर्थची वायर स्क्रूने आवळली. मग मल्टिमीटरचं एक टोक पेटीच्या अंगाला आणि दुसरं थ्री पिनच्या वरच्या जाड पिनेला लावून ताईंना आकडा दाखवला. “हा शून्याजवळ असेल तरच पेटी घरी न्यायची,” असं सांगितलं. तुम्हीही दुरुस्त केलेली शेगडी, इस्त्री, गिझर घरी नेण्याआधी कारागिराला एवढंच विचारा: अर्थ तपासला का, मला दाखवा. चांगला कारागीर रागावणार नाही. उलट त्याला बरं वाटेल.

पण पेटीचा अर्थ नीट करून भागत नाही. घरच्या बोर्डाला अर्थ आहे का? इथे मला जोगेश्वरीबद्दल बोललं पाहिजे. मेघवाडी, मजासवाडी, प्रतापनगर, पश्चिमेला बेहराम बाग, या वस्त्यांमधल्या कितीतरी खोल्या एका दिव्याच्या आणि एका पंख्याच्या काळात बांधल्या गेल्या. मग पोटमाळा आला, फ्रिज आला, मिक्सर, वॉशिंग मशीन, गिझर, आणि गॅस महागला तशी इलेक्ट्रिक शेगडी. वायर मात्र तीच. मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची. मीटरनंतर घरात जी वायर येते तिची जबाबदारी आपली. बिल वेळेवर भरणारी माणसंसुद्धा हे विसरतात.

बऱ्याच खोल्यांत तिसऱ्या भोकात वायरच नसते. काही ठिकाणी ती नळाच्या पाइपला बांधलेली असते. जुन्या काळी पाइप लोखंडाचा होता आणि जमिनीत जायचा, तेव्हा ते निभावलं. आता मध्येच कुठेतरी प्लॅस्टिकचा तुकडा जोडलेला असतो. मग तुमच्या शेगडीतला करंट जमिनीत न जाता शेजारच्या वहिनींच्या नळाला येतो, आणि त्या ओल्या हातांनी बादली भरत असतात. आणखी वाईट प्रकार म्हणजे बोर्डातच अर्थच्या टोकाला न्यूट्रल जोडणं. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं. पण ज्या दिवशी खाली कुठे न्यूट्रल सुटेल, त्या दिवशी फ्रिजच्या दाराला, शेगडीला, धुरीच्या पेटीला पूर्ण २३० व्होल्ट येतील. तुमच्या घरात असं काही केलेलं असेल तर आजच परवानाधारक वायरमनला बोलवा. चाळ असेल तर दहा घरांनी मिळून एक नीट अर्थ पिट करून घ्या. सोसायटी असेल तर पुढच्या सभेत हा विषय लिहून द्या. एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत राहता म्हणून निर्धास्त राहू नका. तिथे अर्थिंग केलेलं असतं, पण पिटाकडे जाणारी पट्टी किती वर्षांत कुणी बघितली आहे, ते विचारा.

आता एक वस्तू, जी मी माझ्या ओळखीच्या प्रत्येक घरात लावायला सांगतो: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. लोक मला म्हणतात, “आमच्याकडे एमसीबी आहे की.” एमसीबी वायर वाचवतो. सोळा अँपिअरचा एमसीबी म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर. माणसाच्या अंगातून दहा-पंधरा मिलिअँपिअर गेले तरी स्नायू आखडून हात सुटत नाही, आणि त्याच्या काही पटींत हृदयाचे ठोके बिघडतात. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटची तुलना करत बसलेला असतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट दुसऱ्या वाटेने, कदाचित तुमच्या मुलाच्या अंगातून जमिनीत चालला, की सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हीला हात लागला तर मात्र तो काही करू शकत नाही, आणि तो आहे म्हणून अर्थ नको असंही नाही. दोन्ही हवेत. त्यावर ‘टी’ अक्षराचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पडला नाही तर तो मेलेला आहे, बदलून घ्या.

पावसाळ्यात दुसरी तक्रार येते. “दिवाळीत नीट चालत होती, माळ्यावरून काढली तर आरसीसीबी पाडते.” कॉइल ज्या नळीत असते तिच्यात पांढरी पूड भरलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साइडची. ती हवेतली ओल शोषते. जुलै-ऑगस्टमध्ये वापराविना पडलेल्या एलिमेंटमध्ये ओल शिरते आणि करंट बॉडीला गळतो. धुरीच्या पेटीत त्यावर धुराचं चिकट काळं किटण आणि मासळीचं मीठ. किटण, मीठ आणि ओल एकत्र आले की टोकांवरून करंट सरपटायला लागतो. अशा वेळी अर्थ कापायचा नाही, आरसीसीबी काढायचा नाही. कारागीर मेगरने, म्हणजे गळती मोजायच्या मीटरने तपासतो, एलिमेंट मंद आचेवर सुकवतो, टोकं घासून साफ करतो. नव्वद टक्के सुधारलं असं वाटलं तरी आकडा बरोबर येत नसेल तर एलिमेंट बदलायचं. प्रत्येक वापरानंतर पिन काढून, पेटी गार झाल्यावर आतलं किटण पुसून ठेवलंत तर ही वेळ क्वचितच येईल. पाण्याची धार मात्र तळावर कधीच मारू नका.

पिन काढून, असं मी मुद्दाम म्हणतोय. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. कितीतरी बोर्डांत बटण चुकून न्यूट्रलवर लावलेलं असतं. बटण बंद, वस्तू बंद, पण आत फेज जिवंत.

तापणारी वस्तू लावायची कुठे, हेही विचारा. दोन हजार वॉटच्या आसपासच्या कुठल्याही वस्तूला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट आणि त्याला निदान अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. छोट्या सॉकेटमध्ये मोठी पिन बसवून देणारे अडॅप्टर मिळतात, ते घरात आणू नका. एक्स्टेन्शन बोर्डवर शेगडी आणि फ्रिज एकत्र लावू नका. आणि धुरीची पेटी बंद खोलीत कधीच नको. धुमसणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते. दहा बाय पंधराच्या खोलीत, पावसामुळे खिडकी लावलेली असताना, हे वायरिंगइतकंच जिवावर बेतणारं आहे. ताई आता पेटी गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली लावतात. पायाखाली कोरडी फळी आणि रबरी चटई असते.

हे सगळं का सांगतोय? ६ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत एका घराला आग लागली. खाली दुकान, वर राहती जागा. आग तळमजल्यावरच्या दुकानातल्या वायरिंगमध्ये लागल्याचं बातम्यांत आलं. एकाच कुटुंबातली सात माणसं गेली, त्यात मुलं होती. सगळी झोपेत होती. ती बातमी वाचली त्या दिवशी मी दुकान उघडलं आणि दुरुस्तीला आलेल्या सगळ्या वस्तूंचे जोड पुन्हा तपासले. आपल्याकडे खाली धंदा आणि वर घर अशा जागा गल्लोगल्ली आहेत. जिना एकच, लोखंडी, उभा. धुराला वर यायला तीच वाट, माणसाला खाली उतरायलाही तीच. जिन्याखाली मीटर असतील तर तिथे पुठ्ठे, रद्दी, सिलिंडर ठेवू नका. शेजाऱ्याने ठेवले असतील तर वाईटपणा घ्या, पण सांगा.

कुणाला शॉक लागला तर हात धरून ओढू नका, आधी मेन बंद करा. मेन जवळ नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला सोडवा. वायर जळत असताना पाणी मारू नका. १०१ लावा, रुग्णवाहिकेसाठी १०८. आपल्या पूर्वेला हायवेजवळ महापालिकेचं ट्रॉमा रुग्णालय आहे. शॉक लागलेला माणूस उठून बोलायला लागला तरी त्याला तिथे न्या. हृदयाचा बिघाड काही वेळाने दिसू शकतो.

आज संध्याकाळी एक काम करा. घरातली सगळ्यात जास्त तापणारी वस्तू, शेगडी असो, इस्त्री असो, ओव्हन असो, दहा मिनिटं चालवा. मग बटण बंद करून पिन काढा आणि पिनेच्या प्लॅस्टिकला आणि सॉकेटच्या तोंडाला बोट लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल, प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल, वास येत असेल, तर ती वस्तू पुन्हा लावू नका. ती आणि तो बोर्ड, दोन्ही कारागिराला दाखवा. आणि त्याला सांगा, जे जे काढलंय ते सगळं परत बसवून द्या.